दोन याद्यांतले समान टॅग: टेम्प्लेटमध्ये जुळवणी कशी करावी आणि ती कुठे फसते

एका लेखाखाली ‘हेही वाचा’ म्हणून त्याच विषयावरचे दुसरे लेख दाखवायचे आहेत. प्रत्येक लेखाला टॅग दिलेले आहेत. या लेखाचे टॅग आणि त्या लेखाचे टॅग यांत समान कोणते, एवढंच शोधायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं आणि टेम्प्लेटमध्ये लिहायला बसलं की अडतं. कोणाला ‘असा फिल्टरच नाही’ असा एरर येतो. कोणाची यादी लूपमध्ये भरते आणि लूप संपला की रिकामी सापडते. कोणी ‘पुणे’ शोधायला जातं आणि हाती ‘पुणेरी मिसळ’ लागते. मराठी साइट चालवणाऱ्यांची एक तक्रार तर यापलीकडची आहे: दोन टॅग डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, तरी जुळत नाहीत.

ह्यूगो, जेकिल, शॉपिफाय, फ्लास्क, जँगो, ट्विग यांपैकी तुम्ही जे वापरता तेवढाच भाग वाचलात तरी चालेल. मराठी मजकुराचा भाग मात्र वगळू नका, कारण निम्म्याहून अधिक डोकेदुखी तिथेच असते. फिल्टर आणि फंक्शन यांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

आधी ठरवा: तुम्हाला नेमकं काय हवं आहे

समजा, गडकिल्ल्यांची साइट आहे. राजगडाच्या पानाला ‘पुणे जिल्हा’, ‘गिरिदुर्ग’, ‘मुक्काम’ आणि ‘पायऱ्या’ असे टॅग आहेत. तोरण्याच्या पानाला ‘गिरिदुर्ग’, ‘पुणे जिल्हा’ आणि ‘पावसाळा’. सिंधुदुर्गाच्या पानाला ‘जलदुर्ग’ आणि ‘मालवण’. कोड लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा:

- समान टॅगांची यादी हवी आहे, की एखादा तरी टॅग जुळतो का, एवढंच हवं आहे? दुसरं असेल तर यादी बनवायची गरजच नाही. पहिला टॅग जुळला की काम झालं.
- क्रम महत्त्वाचा आहे का? राजगडाच्या यादीत ‘पुणे जिल्हा’ पहिला आहे, तोरण्याच्या यादीत ‘गिरिदुर्ग’. उत्तरात कोणाचा क्रम पाळायचा?
- याद्या साध्या शब्दांच्या आहेत, की प्रत्येक टॅगमागे नाव, दुवा, रंग असं आणखी काही आहे? तसं असेल तर आधी दोन्हीकडून फक्त नावं किंवा फक्त क्रमांक वेगळे काढा आणि त्यांचीच तुलना करा. सगळ्या सामानासकट दोन वस्तू एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एखाद्या क्षुल्लक फरकानेही त्या वेगळ्या ठरतात.

क्रमांक वापरणार असाल तर आणखी एक दक्षता घ्या. डेटाबेसमधून आलेला बारा हा आकडा असतो आणि फाइलमधून अवतरणचिन्हांत आलेला बारा हा मजकूर असतो. फ्लास्कच्या जिंजात आणि ह्यूगो वापरतो त्या गोच्या टेम्प्लेटमध्ये हे दोन बारा समान नाहीत.

शक्य असेल तर टेम्प्लेटच्या आधीच जुळवा

टेम्प्लेटचं काम दाखवण्याचं आहे, हिशेब करण्याचं नाही. मागे पायथॉन, पीएचपी किंवा जावास्क्रिप्ट चालत असेल तर जुळवणी तिथेच करा आणि टेम्प्लेटकडे तयार यादी पाठवा. हे तत्त्वाचा मान राखायचा म्हणून सांगत नाही. तिथे चूक सापडते, तिची चाचणी घेता येते आणि टेम्प्लेट वाचण्याजोगी राहते, म्हणून सांगतो.

जँगो वापरणाऱ्यांना तर दुसरा सरळ मार्गच नाही. जँगोच्या टेम्प्लेटमधून एखाद्या फंक्शनला तुमची यादी हाती देऊन बोलावता येत नाही. ती मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. ‘हा टॅग त्या यादीत आहे का’ असं इफमध्ये विचारता येतं, पण समान टॅगांची यादी व्ह्यूमध्येच बनवा.

पायथॉनमध्ये दोन्ही याद्यांचे सेट करून छेद काढला की उत्तर एका ओळीत मिळतं. मात्र सेटमध्ये क्रम राहत नाही आणि एकच टॅग दोनदा असेल तर तो एकदाच उरतो. क्रम हवा असेल तर फक्त दुसऱ्या यादीचा सेट करा, पहिली यादी क्रमाने वाचत जा आणि सेटमध्ये सापडलेला प्रत्येक टॅग उचला.

पीएचपीत ‘अ‍ॅरे-इंटरसेक्ट’ हे तयार फंक्शन आहे. ते पहिल्या यादीचा क्रम राखतं, पण जुने अनुक्रमांकही तसेच ठेवतं. पहिल्या यादीतला तिसरा टॅग जुळला तर उत्तरातही तो तिसऱ्याच जागी बसलेला असतो आणि शून्याव्या जागी काहीच नसतं. ‘यादीत एक टॅग आहे, पण पहिला टॅग मागितला की एरर येतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच असतं. ‘अ‍ॅरे-व्हॅल्यूज’मधून यादी एकदा फिरवून घ्या, अनुक्रमांक नव्याने लागतात.

ह्यूगो: फंक्शन तयार आहे, पण

ह्यूगोसारख्या स्थिर साइटच्या साधनात मागे प्रोग्रॅम चालत नाही, त्यामुळे काम टेम्प्लेटमध्येच करावं लागतं. त्यासाठी ‘इंटरसेक्ट’ हे फंक्शन दिलेलं आहे. दोन याद्या द्या, समान गोष्टी पहिल्या यादीच्या क्रमाने मिळतात. साइटवरच्या सगळ्या पानांतून निवड करायची असेल तर ‘व्हेअर’मध्ये तुलनेच्या जागी ‘इंटरसेक्ट’ लिहिता येतं. एक तरी टॅग जुळणारी सगळी पानं हाती येतात.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं:

- त्या पानांत चालू पान स्वतःही असतं. त्याचे टॅग स्वतःशी शंभर टक्के जुळतात, म्हणून राजगडाच्या पानाखाली पहिली शिफारस राजगडाचीच दिसते. ते आधी वगळा.
- लूपच्या आत व्हेरिएबलला नवी किंमत देताना अपूर्णविरामासह बरोबरचं चिन्ह लिहिलं तर आतल्या आत नवं व्हेरिएबल जन्माला येतं आणि बाहेरचं जसंच्या तसं राहतं. लूपबाहेर जाहीर करताना अपूर्णविराम हवा, आत बदलताना नुसतं बरोबर.
- ह्यूगोची स्वतःची ‘रिलेटेड’ सोय चांगली आहे, बहुतेकांनी तीच वापरावी. तिच्या मूळ मांडणीत ‘कीवर्ड्स’ला १००, टॅगांना ८० आणि तारखेला १० असं वजन आहे. पण कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःची मांडणी लिहिलीत की ती मूळ मांडणीची जागा पूर्णपणे घेते, आणि तिच्यात टॅग नसतील तर टॅगांवरून संबंधित लेख काही केल्या येत नाहीत. अशा वेळी टॅगांचा निर्देशांक तिथे स्वतः जोडा. उंबरठा मूळचा ८० आहे. तो खाली आणलात तर जास्त लेख येतील, पण संबंध सैल होईल.

जेकिल आणि शॉपिफाय: लिक्विडचा लांबचा रस्ता

शॉपिफायच्या दुकानांतली आणि जेकिलच्या साइटवरची टेम्प्लेट लिक्विडमध्ये लिहिली जातात. नेहमीच्या लिक्विडमध्ये समान गोष्टी काढणारा फिल्टर नाही. यादी हातानेच बनवायची:

१. रिकाम्या मजकुरावर ‘स्प्लिट’ चालवून रिकामी यादी तयार करा.
२. पहिल्या यादीवर लूप फिरवा.
३. प्रत्येक टॅगसाठी ‘कंटेन्स’ने विचारा: हा दुसऱ्या यादीत आहे का?
४. असेल तर जेकिलमध्ये ‘पुश’ने यादीत घाला. शॉपिफायमध्ये ‘पुश’ नाही. तिथे टॅग आणि त्यामागे एखादी खूण, उदाहरणार्थ दोन उभ्या रेघा, असं एका मजकुराला जोडत जा आणि शेवटी त्या खुणेवर ‘स्प्लिट’ करा. खूण अशी निवडा की ती कुठल्याच टॅगमध्ये येणार नाही. स्वल्पविराम टाळा.

‘कंटेन्स’ हा शब्द मात्र जपून वापरा. दुसरी बाजू खरोखर यादी असेल तर तो पूर्ण टॅग जुळवतो. ती यादी नसून नुसता मजकूर असेल, तर तो त्या मजकुराच्या आत कुठेही तुकडा सापडला तरी ‘हो’ म्हणतो. मग ‘वडा’ हा ‘वडापाव’मध्ये सापडतो, ‘भात’ हा ‘भातशेती’त आणि पाककृतींच्या पानाखाली रोपलावणीचा लेख येऊन बसतो. पानाच्या माथ्यावर टॅग लिहिताना कोणी चौकटी कंस विसरलं की यादीचा मजकूर होऊ शकतो आणि मग हे सगळं चुपचाप घडतं, कुठेही एरर न देता. जिंजातला ‘इन’ आणि ह्यूगोतलं ‘इन’ फंक्शनही मजकुराशी असंच वागतात, तेव्हा ही सूचना सगळ्यांसाठीच आहे.

दुसरी मर्यादा अशी, की ‘कंटेन्स’ फक्त शब्दांच्या यादीत शोधतो. वस्तूंची यादी असेल तर ‘मॅप’ने आधी नावं काढून घ्या.

जेकिलवाल्यांनी ‘साइट डॉट रिलेटेड-पोस्ट्स’ या नावावर विसंबू नये. नाव संबंधित लेखांचं असलं, तरी मूळ मांडणीत ते फक्त सर्वात अलीकडचे दहा लेख देतं. खरा संबंध शोधणारा ‘एलएसआय’ पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो संथ आहे आणि गिटहब पेजेसवर चालत नाही.

लेख शेकड्यांत गेले की प्रत्येक पानाची प्रत्येक पानाशी तुलना महागात पडते. हजार लेख असतील तर जवळपास दहा लाख तुलना होतात, आणि प्रत्येक तुलनेच्या पोटात आणखी एक लूप असतो. त्यापेक्षा उलटीकडून या. चालू लेखाचा एकेक टॅग घ्या आणि त्या टॅगखालचे लेख ‘साइट डॉट टॅग्ज’मधून उचला. ज्या लेखांचा काही संबंधच नाही त्यांना हातही लागत नाही.

जिंजा: फ्लास्क आणि अ‍ॅन्सिबल यांतली गल्लत

सर्व्हरची कामं स्वयंचलित करणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या फाइलींमध्ये ‘इंटरसेक्ट’ फिल्टर पाहिलेला असतो. अ‍ॅन्सिबलची टेम्प्लेट जिंजाचीच, म्हणून तोच फिल्टर फ्लास्कमध्ये लिहिला जातो आणि एरर येतो. तो फिल्टर अ‍ॅन्सिबलने वरून जोडलेला आहे, मूळ जिंजात नाही. मूळ जिंजात २.१० आवृत्तीपासून ‘सिलेक्ट’ फिल्टरला ‘इन’ ही कसोटी आणि दुसरी यादी देता येते. पहिल्या यादीतले जे टॅग दुसरीत आहेत तेवढेच गाळून मिळतात.

शेवटी ‘लिस्ट’ फिल्टर लावायला विसरू नका. ‘सिलेक्ट’ यादी देत नाही, मागितल्यावर एकेक गोष्ट पुढे करणारा जनरेटर देतो. जनरेटर रिकामा असला तरी इफमध्ये तो खराच ठरतो. परिणामी एकही टॅग जुळलेला नसताना ‘हेही वाचा’ हे शीर्षक छापलं जातं आणि त्याखाली काहीच नसतं. त्याची लांबी मागितलीत तर एरर येतो, तो परवडला. निदान चूक दिसते.

लूप वापरून यादी किंवा संख्या जमवायची असेल तर लक्षात ठेवा, जिंजात लूपमध्ये ‘सेट’ने दिलेली किंमत लूप संपताच विरते. त्यासाठी २.१० मध्येच ‘नेमस्पेस’ आलं आहे. लूपबाहेर एक नेमस्पेस करा आणि आत त्याच्या खात्यात किंमत ठेवत जा. लिक्विडमधून जिंजाकडे आलेल्यांना हे हमखास चकवतं, कारण लिक्विडमध्ये लूपमधली किंमत बाहेर टिकते.

जिंजासारख्याच दिसणाऱ्या, पीएचपीवर चालणाऱ्या ट्विगमध्ये १.४१ आणि २.१० या आवृत्त्यांपासून ‘फिल्टर’ला बाणाचं छोटं फंक्शन देता येतं, त्यात ‘इन’ लिहिलं की झालं. पीएचपीसारखेच इथेही जुने अनुक्रमांक टिकतात, म्हणून पहिली गोष्ट ‘फर्स्ट’ने मागा.

मराठी टॅग: दिसतात सारखे, जुळत नाहीत

टेम्प्लेट अक्षराचं रूप पाहत नाही, त्यामागचे युनिकोडचे सांकेतांक पाहते. मराठीत एकच दिसणारा शब्द वेगवेगळ्या सांकेतांकांनी लिहिता येतो, आणि कीबोर्ड बदलला की लिहिलाही जातो.

‘पायऱ्या’ हाच शब्द घ्या. गडांच्या साइटवर तो हमखास लागतो. यातला र तीन तऱ्हांनी येऊ शकतो:

- ‘ऱ’ हे एकच अक्षर, पुढे हलन्त आणि य. एकूण सांकेतांक सात.
- साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. एकूण आठ.
- साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य: ‘पायर्‍या’. एकूण आठ.

पडद्यावर तिन्ही एकसारखे. जिंजातली ‘लेंग्थ’ किंवा लिक्विडमधली ‘साइझ’ विचारलीत की सात आणि आठ असा फरक उघडा पडतो. पीएचपीतलं ‘स्ट्रलेन’ आणि ह्यूगोतलं ‘लेन’ बाइट मोजतात, तिथे हाच फरक २१ आणि २४ असा दिसेल. न जुळणाऱ्या टॅगचं निदान करायचं तर पहिलं पाऊल हेच: दोन्हींची लांबी छापून पाहा.

पहिली दोन रूपं युनिकोडच्या ‘एनएफसी’ प्रमाणीकरणाने एक होतात. पायथॉन, रुबी आणि जावास्क्रिप्टमध्ये ती सोय आहे, पीएचपीत इंटल हे एक्स्टेन्शन चालू असेल तर ‘नॉर्मलायझर’ मिळतो. तिसरं रूप मात्र प्रमाणीकरणानंतरही वेगळंच राहतं. ते स्वतः बदलावं लागतं: ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम सापडला की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घाला.

इथे एक घातक शॉर्टकट आहे. ‘न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका’ असा सल्ला इंग्रजी मजकुरासाठी ठीक आहे, मराठीसाठी नाही. जॉइनर नुसता उडवलात तर ‘पायर्‍या’चं ‘पायर्या’ होतं. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे लेख शिकवणाऱ्या आचार्यांच्या खात्यात जातात. असा कोड तुमच्या साइटवर कोणी लावू देऊ नका.

‘ॲ’चंही तसंच. ‘ॲडव्हेंचर’मधलं पहिलं अक्षर एकसंध सांकेतांक म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर, आणि आजही पुष्कळ कीबोर्डांवरून येणारा, ‘अ’वर चंद्र देऊन बनलेला असतो, कधी मध्ये जॉइनर घालून. प्रमाणीकरण या रूपांना एक करत नाही. एक रूप ठरवा आणि बाकीची त्यात बदलून घ्या.

याशिवाय तपासायच्या गोष्टी:

- टॅगच्या पुढेमागे राहिलेली मोकळी जागा. वर्ड किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागाही असते.
- इंग्रजी अंकांतलं वर्ष आणि देवनागरी अंकांतलं वर्ष.
- ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’, ‘किल्ला’ आणि ‘किल्ले’. हे शुद्धलेखनाचे आणि रूपांचे फरक आहेत. कोणतंही प्रमाणीकरण ते मिटवणार नाही.
- श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर. त्यामागे देवनागरीचे सांकेतांक नसतातच. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकी सगळं.

पक्का उपाय एकच आहे, आणि नवी साइट असेल तर पहिल्या दिवसापासून तो करा. टॅग हाताने टाइप करू देऊ नका. एका फाइलमध्ये टॅगांची अधिकृत यादी ठेवा. प्रत्येक टॅगला रोमन लहान अक्षरांतलं एक सांकेतिक नाव द्या आणि त्यासमोर वाचकाला दिसणारं मराठी नाव लिहा. लेखांमध्ये फक्त सांकेतिक नावं येतील, जुळवणी त्यांचीच होईल आणि मराठी नाव छापण्यापुरतं वापरलं जाईल. पुढे ‘पायऱ्या’ऐवजी ‘पायऱ्यांची वाट’ म्हणावंसं वाटलं तरी एकच ओळ बदलेल. ह्यूगोची डेटा फाइल किंवा जेकिलचं डेटा फोल्डर यासाठी पुरेसं आहे.

किती जुळलं म्हणजे संबंधित?

एक टॅग जुळला की संबंध आहे, असं धरू नका. राजगड आणि तोरणा ‘पुणे जिल्हा’ने जुळतात, पण त्याच टॅगने साइटवरची आणखी कितीतरी पानं जुळतील. जो टॅग सर्वांना लावलेला आहे, तो काहीच सांगत नाही. किमान दोन टॅग जुळावेत अशी अट घाला, किंवा तुलनेआधी असे सर्वव्यापी टॅग वगळा. दुर्मीळ टॅगला जास्त वजन देता आलं तर उत्तम. ह्यूगोच्या ‘रिलेटेड’मध्ये प्रत्येक निर्देशांकाला वेगळं वजन देता येतं, तेव्हा ‘जिल्हा’ हा वेगळा निर्देशांक करून त्याचं वजन कमी ठेवा.

आणि एकही टॅग जुळला नाही तर काय दाखवायचं, तेही आत्ताच लिहून ठेवा. अलीकडचे लेख दाखवायला हरकत नाही, पण मग वर ‘हेही वाचा’ऐवजी ‘ताजे लेख’ असं लिहा.

साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

काम ताब्यात घेण्याआधी या पाच जोड्यांवर चाचणी मागा: दोन टॅग समान असलेली पानं, एकही समान नसलेली, एका पानाला टॅगच नसलेली, एकाच टॅगचं पान, आणि ‘पायऱ्या’ दोन वेगळ्या कीबोर्डांवरून लिहिलेली. शेवटची जोडी फसली तर काम अपुरं आहे, असं निःसंकोच सांगा.

हक्कांचंही पाहा. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. तुमच्या पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, तुमचा असतो. पण बाहेरच्या व्यक्तीला पैसे देऊन लिहून घेतलेल्या टेम्प्लेटवरचा हक्क, लेखी करार नसेल तर, सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. पैसे दिल्याची पावती म्हणजे हक्क मिळाल्याचा कागद नव्हे. हक्क तुमच्याकडे यायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. अमेरिकेतल्या किंवा आखाती देशांतल्या मराठी मंडळांसाठी साइट करत असाल तर ही शेवटची ओळ करारात जरूर भरून घ्या.

कामाच्या शेवटी टेम्प्लेटच्या मूळ फाइली, टॅगांची अधिकृत यादी आणि मजकूर एकसारखा करणारे नियम या तिन्ही गोष्टी यूटीएफ-८ मधल्या साध्या फाइलींत मागून घ्या. उद्या जेकिल सोडून ह्यूगोकडे जायचं झालं तर टेम्प्लेट नव्याने लिहावी लागेलच, पण टॅगांची यादी आणि हे नियम जसेच्या तसे सोबत नेता येतात.